दाजींची फुली

सरळ रेषेवर इतका जीव असलेला माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा सापडायचा नाही, असं मी माझ्या थोरल्या साडूंबद्दल कुठेही, कुणाहीसमोर सांगायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. कडेगावाजवळ त्यांचा ऊस आहे. त्या उसाच्या सऱ्या अशा, की बांधावर उभं राहून एका डोळ्याने बघितलं तर पार पलीकडच्या टोकाला बसलेलं मांजर दिसावं. शेताचं ठीक, पण हा माणूस देवळापाशी गेला की आधी सगळ्या गावाच्या चपला जोडीने लावतो आणि मग देवाला हात जोडतो. आमच्या साताऱ्याच्या घरी आला की पाणी पिण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतो. माझ्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात असताना अंतरपाट एका बाजूने दोन बोटं वर गेला होता. भटजींना त्याचं काही नव्हतं, धरणाऱ्यांना नव्हतं, माझं तर लक्षही नव्हतं. दाजी पाहुण्यांतून उठले, बोहल्यापाशी आले आणि वर गेलेलं टोक धरून त्यांनी खाली ओढलं. ते जरा जास्तच खाली आलं आणि मला नवरी मुहूर्ताच्या आधी दिसली. फोटोत ती हसताना दिसते आणि मी घाबरलेला दिसतो, त्याचं कारण हे.

या शिस्तीच्या माणसाला एकच बेशिस्त सवय होती, ती तंबाखूची. आणि त्या सवयीला एक भागीदार होता, बिरूतात्या. हे मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या घरातले. कडेगावाकडे कालव्याचं पाणी आल्यावर दाजींच्या शेजारी जमीन घेऊन राहिले आणि डाळिंब लावून बसले. दुपारची जेवणं झाली की दोघं दाजींच्या बांधावरच्या कडुलिंबाखाली यायचे. चंची बिरूतात्यांची, चुना दाजींचा. एकाने मळायची, दोघांनी खायची, आणि उन्हं उतरेपर्यंत फारसं काही बोलायचं नाही. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, म्हणायची की या दोघांना एकमेकांच्या पोरांची नावं तरी ठाऊक आहेत का याची शंका येते. पण एक जण गावाला गेला तर दुसरा त्या झाडाखाली एकटा बसायचा नाही, घरीच पडून राहायचा.

मग एकदा दाढ दुखते म्हणून दाजी कराडला दातांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी दाढ बाजूला ठेवली आणि गालाच्या आतला पांढरा डाग बघत बसले. तंबाखू आजपासून बंद, आणि डाग बरा झाला नाही तर मिरजेला दाखवायचं, असं त्यांनी सांगितलं. दाजींनी खरोखर त्या दिवसापासून बंद केली. जिभेने ऐकलं, गालाने ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त उजव्या हाताच्या अंगठ्याने. तो डाव्या तळहातावर फिरायचा तो फिरतच राहिला. हातात जे येईल ते मळलं जाऊ लागलं. सत्यनारायणाचा प्रसाद मळला, लग्नाच्या अक्षता मळल्या. कराडच्या एसटीत तिकीट मळून त्याचा भुगा केला आणि तपासनीस आल्यावर तो भुगा त्याच्यापुढे धरला. तपासनीसही त्याच भागातला असावा. त्याने भुग्याकडे बघितलं, दाजींच्या तोंडाकडे बघितलं, “सोडलीया वाटतं,” म्हणाला आणि पुढच्या बाकाकडे गेला.

शेवटी अक्काने ट्रंक उघडली. लेकीच्या शाळेतलं शिवणकामाचं सामान तीत पडून होतं. लेक लग्न होऊन सांगलीला गेली होती. मॅटीचा एक तुकडा, रेशमाच्या लड्या, बोथट टोकाची सुई, लाकडी रिंग आणि एका पोपटाचा नमुना. मॅटी म्हणजे सगळीकडे बारीक चौकटी असलेलं जाड कापड. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यांना भोकं असतात. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरका टाका घालायचा, त्यावर उलट दिशेने दुसरा, की झाली एक फुली. अशा फुल्या भरत गेलं की चित्र उमटतं. अक्काला वाटलं होतं, दोन दिवस चाळा होईल. दाजींनी ते कापड उजेडात धरलं, उभं धरलं, आडवं धरलं, आणि आयुष्यभर शोधत असलेली वस्तू हाती लागावी तसे म्हणाले, “आगं, ह्ये तर सगळं आधीच सरळ हाय.”

पहिला पोपट दाजींनी उसाच्या पद्धतीने केला. लागण जशी बांधाच्या कोपऱ्यापासून सुरू करतात, तशी कापडाच्या कोपऱ्यातून शेपटीपासून सुरुवात केली. शेपटी झाली, पोट झालं, पंख झाले, आणि मानेपाशी कापड संपलं. टाका बैलाचं दावं आवळावं तसा आवळलेला, त्यामुळे मॅटी तळलेल्या पापडासारखी आकसून वर आली होती. मागच्या बाजूला गाठी अशा की कापड पाठीवर टेकत नव्हतं. याचं कशाचं दाजींना दुःख नव्हतं. बिनडोक्याचा पोपट त्यांनी मान्य केला होता. त्यांना खटकत होतं ते वेगळंच. हिरवा दोरा एकाच लडीचा असून पोपटाचं अर्धं अंग उजळ दिसत होतं आणि अर्धं काळपट. दोऱ्यात भेसळ आहे असं ठरवून ते विट्याच्या दुकानदाराशी भांडून आले. दुकानदाराने नवी लडी दिली आणि मॅटीचा नवा तुकडा विकला. नव्या लडीचा पोपटही दोन रंगांचा झाला. मग त्यांनी मला फोन केला आणि आवाज खाली आणून विचारलं, “पावणं, तुमच्या वळकीत ह्यातलं कोन हाय का?”

ओळखीतल्या होत्या त्या माझ्या बायकोच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई. निवृत्त होऊन पाचगणीला राहत होत्या, तिथल्या निवासी शाळेतल्या मुली अजून त्यांच्याकडे शिकायला यायच्या. दाजी सकाळीच कडेगावाहून जीप घेऊन निघाले. वाटेत उंब्रजला चहा घेताना त्यांनी हॉटेलवाल्याला दोन्ही पोपट दाखवले. त्याने ते पोपट आहेत हे ओळखलं नाही, पण रंग दोन दिसतात हे कबूल केलं, त्यामुळे साताऱ्यात मला घ्यायला आले तेव्हा दाजी खुशीत होते. तिथून जीप मी चालवत होतो. पसरणीचा घाट चढताना मात्र दाजींची खुशी ओसरली. मांडीवर काकवीचा डबा आणि त्यावर घडी घातलेले पोपट. मिरजेला दाखवायला जाताना माणूस जसा बसतो तसे बसले होते.

बाई बारीक चणीच्या, आवाज त्याहून बारीक. त्यांनी एक पोपट हातात घेतला आणि आधी उलटा केला. मागच्या गाठींवरून बोट फिरवलं. मग सुलटा करून खिडकीपाशी नेला आणि सांगितलं की दोरा चांगलाच आहे, दोष फुलीचा आहे. फुलीचे दोन पाय असतात, एक खालचा आणि एक वरचा. दाजींच्या निम्म्या फुल्यांत वरचा पाय उजवीकडे झुकला होता, निम्म्यांत डावीकडे. रेशमावर उजेड वरच्या पायावरून परततो, त्यामुळे पाय बदलला की रंग बदलल्यासारखा वाटतो. सगळ्या कापडावर वरचा पाय एकाच दिशेला हवा. नवशिक्याने तर फुली एकेक पुरी करूच नये. आधी ओळीतले सगळे खालचे टाके एका दिशेने घालत जायचं, आणि परत येताना त्यांच्यावर वरचे टाके घालत यायचं, म्हणजे चुकायची सोयच राहत नाही.

मी दाजींच्या चेहऱ्याकडे बघत होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या चपला सरळ केलेल्या माणसाला, आपलंच अर्धं रान उलट्या दिशेला झुकलंय हे कळलं होतं. बाईंचं बोलणं संपेपर्यंत ते थांबले, मग कात्री मागितली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून सगळा पोपट उसवायला लागले. बाईंनी हा ठेवा, आठवण म्हणून राहू दे, असं सांगून बघितलं. त्यांनी मान हलवली, उसवणं थांबवलं नाही.

उसवून झाल्यावर शिकवणी झाली. कापडाची उभी-आडवी घडी घालून मध्य काढायचा आणि तिथून सुरुवात करायची, म्हणजे पोपटाला डोकंही मिळतं. दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब घेतला की गुंततो. सहा पदरांतले दोनच पदर ओवायचे. गाठ मारायची नाही. दोऱ्याचं शेपूट मागे धरून पहिल्या काही टाक्यांखाली दाबून टाकायचं. दोऱ्याला पीळ बसला की सुई सोडून लोंबू द्यायची, ती गोल फिरून आपोआप पीळ काढते. दाजींना हे फार आवडलं. त्यांनी सुई लोंबती सोडली आणि ती थांबेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. पण टाका आवळायची सवय जाईना. शेवटी बाईंनी त्यांच्या मनगटाखाली आपला हात धरला आणि म्हणाल्या, “अहो, टाका ओढायचा नसतो. कापडावर नुसता ठेवायचा असतो.” दाजींनी ठेवला. भोक उघडं पडलं नाही, कापड आकसलं नाही. परतताना घाटात त्यांनी मला विचारलं की आपण दाढ दुखल्यावरही दात आवळूनच बसतो, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का.

त्यानंतर दाजी आवरेनासे झाले. कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरची रांग लागली की ते ट्रॉलीच्या सावलीत रिंग काढून बसायचे. रांग पुढे सरकली तरी ओळ पुरी केल्याशिवाय उठायचे नाहीत, मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमायचे. हात साबणाने धुऊन, पुसून, हुंगून मगच सुईला लावायचे. कुणाच्या घरी भरतकाम दिसलं की परवानगी मागून ते उलटं करायचे. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. पोह्यांच्या बशा आल्या, मुलगी आली, तिच्या आईने भिंतीवरचं ‘सुस्वागतम’ लेकीनेच भरलंय असं सांगितलं. झालं. दाजी बशी ठेवून उठले, फ्रेम खिळ्यावरून काढली आणि मागचा पुठ्ठा सोडवायला लागले. पुतण्या जमिनीकडे बघत होता, अक्काने पदर तोंडाला लावला. दाजींनी मागची बाजू नीट बघितली, पुठ्ठा होता तसा बसवला, फ्रेम टांगून सरळ केली आणि पुतण्याला सांगितलं, “पाठ लय स्वच्छ हाय. तुजी तयारी असली तर माजी हाय.” त्यांनी मुलीला नाव-गाव काहीच विचारलं नाही. मुलगी मात्र सगळ्यांच्या देखत मोकळी हसली, आणि लग्न त्या हसण्यावर ठरलं असं पुतण्या अजून सांगतो.

सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त बिरूतात्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. दुपारचं बसणं सोडायला दोघंही तयार नव्हते, पण बिरूतात्यांची तंबाखू चालूच होती, आणि तिचा वास आला की दाजींचा अंगठा सुई सोडून तळहातावर जायचा. यावर दाजींनी वाऱ्याचा उपाय काढला. चिमूटभर माती वर टाकून वारा कुठला आहे ते बघायचं आणि बिरूतात्यांनी वारा पुढे जातो त्या बाजूला बसायचं. वारा सरळ असला की ठीक. पण वळवाच्या दिवसांत तो क्षणाक्षणाला फिरायचा, आणि हे दोन पोक्त गृहस्थ दुपारभर कडुलिंबाभोवती एकमेकांच्या मागून सरकत राहायचे. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. दाजींनी त्यांनाही सुई धरायला सांगून बघितलं. बिरूतात्यांनी ते कापड बोटाने दूर सारलं आणि डाळिंबाच्या भावाविषयी बोलायला लागले.

एके दिवशी वारा पडला होता. दोघं बसले होते, आणि बिरूतात्यांनी जुन्या सवयीने मळलेली तंबाखू निम्मी करून पुढे केली. दाजींचा हात गेला. तोंडापर्यंत गेला, आणि तिथून त्यांनी तो कसाबसा खाली आणला. चिमूट मातीत टाकली. मग त्यांनी मित्राला जे सांगितलं, ते अक्काने विहिरीवरून ऐकलं. ते म्हणाले, “बिरू, तू समोर असलास की माजा हात माज्या ताब्यात ऱ्हात न्हाई रं. तू येऊ नगंस.” बिरूतात्या उठले. चंची कमरेला खोचली, पायात चपला घातल्या आणि बांधाबांधाने निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्यानंतरही आले नाहीत. दाजींनी झाडाखाली बसणं बंद केलं. ओसरीवर भिंतीकडे तोंड करून फुल्या घालायला लागले.

डाग काही जाईना. मिरजेच्या डॉक्टरांनी तो काढून तपासायला पाठवायचं ठरवलं. बारकं ऑपरेशन आहे, असं सगळे एकमेकांना सांगत होतो, आणि सांगताना दुसरीकडे बघत होतो. मी साताऱ्याहून पहाटेच्या गाडीने गेलो. दाजी दवाखान्याच्या बाकावर बसून फुल्या घालत होते. त्या वेळी त्यांनी स्वतःच आखलेला एक मोठा नमुना चालला होता. त्यांच्याच उसाचं रान, सऱ्यांसकट, या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंच हिरवं. अक्का शेजारी बसून त्यांच्या सुईकडे बघत होती. नर्सने हाक मारली तेव्हा त्यांनी ओळ पुरी केली, सुई कापडाच्या कडेला खोचली आणि रिंग माझ्याकडे दिली. हात धुतलेत का, असं विचारलं. हो म्हणाल्यावर नुसतं धरायला सांगितलं, टाका घालायची परवानगी दिली नाही. आत जाताना दाराशी पायपुसणं तिरकं झालेलं होतं, ते पायाने सरळ केलं.

दार लागल्यावर थोड्या वेळाने बिरूतात्या आले. पटका, हातात डाळिंबांची पिशवी. त्यांना कुणी कळवलं, ते मी विचारलं नाही. अक्काने सरकून जागा केली. ते बसले, बंद दाराकडे बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचा अंगठा तळहातावर फिरायला लागला. हातात काही नव्हतं. फाटकावरच्या वॉचमनने चंची काढून घेतली होती आणि जाताना परत देतो म्हणाला होता. ते उठले, येरझारा घातल्या, परत बसले. मग माझ्यापुढे हात केला आणि म्हणाले, “द्या हिकडं त्ये.”

मला धरण्यापुरतीच परवानगी होती, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी रिंग दिली. मला जितकं येत होतं तितकं सांगितलं. जाताना खालचे पाय, येताना वरचे. बिरूतात्या सुईकडे विंचवाकडे बघावं तसं बघत होते, पण एकदा खाली मान घातली ती वर केली नाही. ओळीच्या शेवटी पोचले, परत आले. घामाने त्यांचा पटका ओला झाला होता. अक्का मधूनच डोळे पुसत होती आणि मधूनच, अहो तात्या, भोक चुकलं, असं सांगत होती.

दाजींना बाहेर आणलं तेव्हा गालात बोळा होता आणि तोंड एका बाजूला सुजलं होतं. बोलायची मनाई होती. त्यांनी अक्काकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बिरूतात्यांकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग नजर रिंगवर गेली. सगळं रान एका दिशेला झुकलेलं आणि शेवटची एक ओळ उलट्या दिशेला. दाजींचे डोळे मोठे झाले. घशातून काहीतरी आवाज आला. त्यांनी हात वर करून हवेत फुली काढली, वरचा पाय दोनदा काढून दाखवला, आणि नर्स त्यांना आडवं करायला लागली तरी काढत राहिले.

बिरूतात्यांनी मला विचारलं, “काय म्हंतोय ह्यो?”

ओळ उलटी पडली आहे असं म्हणताहेत, असं मी सांगितलं.

“मंग बरा हाय म्हणायचा,” बिरूतात्या म्हणाले आणि पटक्याच्या टोकाने तोंड पुसलं. पुसायला त्यांना बराच वेळ लागला. जाताना वॉचमनने चंची पुढे केली तर ती न दिसल्यासारखं करून ते आमच्याबरोबर फाटकाबाहेर पडले.

तपासणीत भिण्यासारखं काही निघालं नाही. मात्र गालाची कातडी जपावी लागेल आणि मिरजेला दाखवत राहावं लागेल. डॉक्टर नक्की असं काही बोलत नाहीत आणि दाजी विचारत नाहीत. बोलणं थोडं जड झालं आहे. ‘स’ नीट उमटत नाही, त्यामुळे ‘सरळ’ हा त्यांचा लाडका शब्द आता ‘शरळ’ असा येतो, आणि तो वापरणं त्यांनी जरा कमी केलं आहे. बिरूतात्यांनीही तंबाखू सोडली. अक्काला शंका आहे की आपल्या डाळिंबात उभं राहून ते अधूनमधून खातात, पण कडुलिंबाखाली येताना चंची आणत नाहीत. आता वारा कुठलाही असला तरी दोघं शेजारी बसतात, मध्ये ते हिरवं रान. एका टोकाकडून दाजी फुल्या घालत येतात, दुसऱ्या टोकाकडून बिरूतात्या.

मागच्या महिन्यात आम्ही कडेगावला गेलो होतो. संध्याकाळी बिरूतात्या घरी गेल्यावर दाजी ओसरीवर बसून त्यांची त्या दिवशीची ओळ उसवत होते. सुईच्या टोकाने एकेक फुली हलकेच उचलायची, दोरा सोडवायचा. मी वाकून बघितलं. फुल्या एकसारख्या होत्या, वरचा पाय सगळ्यांचा बरोबर दिशेला. मी तसं म्हणालो. अक्का आतून म्हणाली की हे कधीचंच चाललंय, तात्यांचा हात केव्हाच बसला आहे.

दाजींनी मान वर केली नाही. सुटलेला दोरा ते बोटाभोवती गुंडाळत होते.

“शरळच हाय,” ते म्हणाले. “पर रान भरून शंपलं तर उद्या कशाला यील त्यो?”